मधलं पेडल

आप्पांनी चौथ्या टायरवर काठीचा ठोका मारला, वाकून कान दिला आणि सरळ होत म्हणाले, "चौघी बी खूश हायत. चला."

"आधी पोटात काहीतरी घाला," मागच्या सीटवरून अक्का म्हणाल्या. मांडीवरच्या डब्याचं झाकण त्यांनी उघडूनच ठेवलं होतं. "तुपातली दशमी हाय. सकाळपासनं नुसत्या चहावर चाललंय तुमचं."

"हात तुपकट झाले की स्टेअरिंग निसटतंय."

"मग मी भरवते."

"अगं, लोकं बघायलीत!" आप्पा खरोखरच लाजले आणि काठी ठेवायला पलीकडच्या बाजूला गेले.

आप्पा माझे सासरे, अक्का सासूबाई. आप्पा, म्हणजे भूपाल मगदूम, साखर कारखान्यातून चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झाले होते आणि उरलेलं आयुष्य त्यांनी एका गाडीला वाहिलं होतं. १९२८ सालची, विलायती, वरून उघडी गाडी. तिला आत्याबाई हे नाव अक्कांनी दिलेलं. घरातली चांगली जागा अडवते, कशावरूनही रुसते आणि जायचं नाव काढत नाही, म्हणून आत्याबाई. दर डिसेंबरात कोल्हापूरच्या आमच्या क्लबाची जुन्या गाड्यांची फेरी निघायची. त्या वर्षी ती आंबा घाट उतरून साखरप्याला जाणार होती आणि आम्ही घाटाच्या तोंडाशी चहाला थांबलो होतो. क्लबातली बाकीची मंडळी टपरीवर कांदाभजी आणि मिसळ हाणत होती. आम्ही जयसिंगपूरचे जैन, कांदा-बटाटा चालत नाही. त्यामुळे आम्ही तिघं गाडीपाशीच होतो.

आप्पांच्या शेजारी एरवी माझा नवरा, सन्मती, बसत असे. त्या वर्षी त्याला पुण्याहून सुट्टी मिळाली नाही आणि रस्ता सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी जात्याच भित्री. पाळण्यात बसत नाही, गच्चीच्या कडेला जात नाही. चार वर्षं घरची मारुती चालवत होते, तीसुद्धा शाळा ते घर, तिसऱ्या गिअरच्या वर फारशी न जाता. पण आप्पांना नाही कसं म्हणायचं? सहा वर्षांत त्यांनी मला एकदाही "असं का केलंस" म्हटलं नव्हतं.

टायरांवर त्यांचा जीव गाडीपेक्षाही जास्त. आत्याबाईची चाकं उंच आणि बारीक, सायकलच्या टायरला थोडं अंग आलं तर दिसेल तशी. ते माप आता कुणी बनवत नाही. दोन वर्षं पत्रव्यवहार करून त्यांनी चार टायर परदेशातून मागवले आणि आले तेव्हा पहिला आठवडा ते झोपायच्या खोलीतच ठेवले. रोज रात्री त्यांना शंखजिऱ्याची भुकटी चोळायचे. "सवत आणली असती तर एकच आणली असती," अक्का गल्लीभर सांगत होत्या, "ह्यांनी चौघी आणल्या."

तेवढ्यात रत्नागिरीकडे निघालेले एक गृहस्थ गाडीत डोकावले. "साहेब, ह्यात ब्रेक कुठला?"

असा प्रश्न म्हणजे आप्पांचा सण. त्यांनी दार उघडून त्यांना अक्षरशः खाली वाकवलं. "हे डावीकडचं क्लच. मधलं अ‍ॅक्सिलेटर. उजवं ब्रेक."

"मधलं अ‍ॅक्सिलेटर? आमच्या गाडीत तर मधला ब्रेक असतो."

"तुमच्याच न्हाई, सगळ्यांच्याच. पण त्या काळी कुणी काय ठरवलेलं नव्हतं. ज्यानं त्यानं आपल्या मनानं बसवलं." मग त्यांनी त्यांची आवडती गोष्ट सांगितली. एका लग्नात हॉटेलच्या माणसानं अशीच एक गाडी जरा बाजूला घ्यायला म्हणून चालू केली, समोर कारंजं आलं तसा ब्रेक म्हणून मधलं पेडल दाबलं, गाडी जोरात पुढे गेली, तसं त्यानं आणखी जोरात दाबलं. "घाबरलेला पाय जुनंच ऐकतोय, साहेब. डोकं कितीबी सांगू दे." तेव्हापासून आमच्या क्लबात दंडकच पडला होता की असल्या गाडीची किल्ली परक्या हातात द्यायची नाही, भले ती रस्त्यात आडवी उभी राहू दे.

गृहस्थ हसले. मी हसले नाही. मला त्या कारंज्याची गोष्ट कधीच विनोदी वाटली नव्हती.

आम्ही सगळ्यांच्या शेवटी निघालो. आत्याबाई हळू म्हणून तिला नेहमी शेवटचा नंबर. आमच्याही मागे, बंद पडलेल्या गाड्या ओढून न्यायला, क्लबाची ओढगाडी असायची, पण एका फोर्डचं पाणी उकळलं म्हणून ती वरच अडकली होती. "येईल मागनं," असं म्हणत आप्पांनी गाडी घाटात घातली.

पहिली काही वळणं झकास गेली. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी, थंड वारा, खाली कोकणाचं धुकं. आप्पा हातानं वळणं दाखवत होते. मी मांडीवरच्या कागदावर बोट ठेवून रस्ता सांगत होते. चुकायला दुसरा रस्ताच नव्हता, पण काम म्हणजे काम.

"चारू, पुढं काय हाय?"

"डावं वळण, मग देऊळ."

"बरं."

थोडं पुढे गेलो. "चारू, पुढं काय हाय?"

"तेच, आप्पा. डावं वळण. मग देऊळ."

"बरं." आणि ते हसले. उगीचच, बराच वेळ. मला वाटलं, खुशीत आहेत. मग मी त्यांच्या मानेकडे पाहिलं. माझ्या अंगावर स्वेटर, वरून शाल, तरी मी काकडत होते आणि आप्पांच्या मानेवरून घाम ओघळत होता. शर्टाची कॉलर ओली झाली होती.

"आप्पा, बरं वाटतंय ना?"

"गप बस गं!"

असं ते कधी बोलले नव्हते. माझा चेहरा पडला. मी कागदाकडे बघत बसले आणि मनात म्हणाले, बसते गप्प, विचारा तुमचं तुम्ही. त्या रुसव्यात किती वेळ गेला कुणास ठाऊक. भानावर आले ती आवाजानं. आप्पा घाट नेहमी दुसऱ्या गिअरमध्ये उतरत. चढताना जो गिअर लागतो, उतरताना तोच, हा त्यांचा नियम. पण इंजिनाचा ओढलेला आवाज गेला होता. त्यांनी तिसरा टाकला होता आणि गाडी वेग घेत होती.

"आप्पा, दुसरा टाका."

त्यांनी गिअरला हात लावला नाही.

"आप्पा!"

त्यांचे डोळे उघडे होते. समोर बघत होते. दोन्ही हात स्टेअरिंगला घट्ट धरलेले. पण मी त्यांच्या दंडाला हात लावला तेव्हा तो दंड लाकडासारखा लागला आणि ओठ काहीतरी पुटपुटत असल्यासारखे हलत राहिले. समोर रस्ता डावीकडे वळत होता. ते वळत नव्हते.

मी स्टेअरिंगवर झडप घातली. त्यांची बोटं सुटेनात. बोटांसकटच मी ते डावीकडे ओढलं. पांढरे रंगवलेले दगड उजवीकडून इतक्या जवळून गेले की दगडांमागचं काहीच दिसलं नाही, नुसती हवा दिसली. अजूनही स्वप्नात मला दरी दिसत नाही, ती हवाच दिसते.

"अहो, हळू की!" अक्का मागून ओरडल्या. त्यांना अजून काही कळलं नव्हतं.

मी उजवा पाय आप्पांच्या बाजूला टाकला. ब्रेक हवा होता. पाय त्यांच्या बुटावर पडला, मधोमध, आणि मी सगळा भार देऊन दाबला.

आत्याबाई गरजली आणि पुढे झेपावली.

मी आणखी दाबलं. खरं सांगते, मी आणखी दाबलं. थांबत नाही म्हटल्यावर माणूस काय करणार? आणखी दाबणार. इंजिन किंचाळत होतं, अक्का किंचाळत होत्या आणि बहुतेक मीही. मला वाटलं ब्रेक गेला. ब्रेक गेला, ब्रेक गेला, एवढंच डोक्यात. मग कुठूनतरी ते कारंजं आठवलं. मी ब्रेक दाबत नव्हते.

मी पाय उचलला. पण आप्पांचा पाय तिथेच होता, तसाच रोवलेला. एका हातानं स्टेअरिंग धरून मी दुसऱ्या हातानं त्यांच्या गुडघ्याची पँट धरली आणि ओढली, पुन्हा ओढली, तेव्हा कुठे तो पाय सुटून बाजूला पडला. इंजिनाचा आवाज उतरला. समोरचा खटका बंद केला तसं ते पूर्ण गप्प झालं. पण उताराला कशाचं इंजिन लागतंय? गाडी आता नुसती सरसर खाली जात होती आणि खरा ब्रेक आप्पांच्या दोन्ही पायांच्या पलीकडे होता. तिथवर माझा पाय पोचणं शक्यच नव्हतं.

"अक्का!" मी ओरडले. "आप्पांच्या दाराबाहेर दांडा आहे! ओढा!"

"काय झालं त्यांना? अहो! अहो!"

"दांडा, अक्का! पितळी मुठीचा! दोन्ही हातांनी मागं ओढा!"

मी मागे बघू शकत नव्हते. फक्त ऐकलं. बांगड्यांचा आवाज, दाराच्या पत्र्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज, आणि "णमो अरिहंताणं, णमो सिद्धाणं", एकेका शब्दाला एक हिसका. हातब्रेक लागला. मागची चाकं करकरली आणि गाडी दरीच्या बाजूला तिरकी होऊ लागली. पुढच्या वळणाआडून ट्रकचा भोंगा ऐकू आला.

मी स्टेअरिंग डोंगराकडे ओढलं आणि पुढचं डावं चाक गटाराच्या दगडी काठावर घातलं. टायर दगडावर घासत, सोलत, ओरडत गेला. जळक्या रबराचा वास नाकात शिरला. एवढ्या लाडाचा टायर आपण फाडतोय हे मला त्या क्षणीही कळत होतं, आणि मी चाक आणखी आत दाबलं. चाक गटारात उतरलं, एक हादरा बसला आणि आम्ही थांबलो.

ट्रक समोर येऊन थांबला. ड्रायव्हर उडी मारून आला आणि त्यानं आधी दोन मोठे दगड उचलून मागच्या चाकांना लावले. मी हात स्टेअरिंगवरून काढू शकत नव्हते. एकेक बोट मनानं सांगून सोडवावं लागलं.

अक्का कधी उतरल्या, कधी आप्पांच्या दाराशी आल्या, मला आठवत नाही. त्यांनी पिशवीतून गुळाचा खडा काढून दातांनी फोडला, चुरा बोटावर घेतला आणि आप्पांच्या हिरड्यांना चोळायला लागल्या. आप्पांना साखरेचा आजार होता हे घरात सगळ्यांना माहीत होतं. गोळ्या घेतात, चहा बिनसाखरेचा पितात, एवढंच माहीत होतं. साखर फार उतरली की लगेच गोड भरवायचं असतं, हे फक्त अक्कांना ठाऊक होतं.

"गिळा. अहो, गिळा. बघा माझ्याकडं."

आप्पा कितीतरी वेळ कुणाकडेच बघत नव्हते. अक्कांचा आवाज अजिबात कापत नव्हता. निम्मा गूळ मात्र आप्पांच्या शर्टावर सांडत होता. मला वाटलं, आप्पा गेले. मी मनातल्या मनात सन्मतीला फोन लावायला सुरुवात केली होती, काय सांगायचं, कुठल्या शब्दानं सुरुवात करायची.

मग आप्पांनी गिळलं. पुन्हा गिळलं. पापण्या हलल्या. त्यांनी अक्कांकडे पाहिलं, समोरच्या डोंगराकडे पाहिलं आणि जड जिभेनं विचारलं, "गाडी का थांबली?"

अक्का मटकन रस्त्यातच बसल्या.

ट्रकवाला भला माणूस. त्यानं आणखी दोघांना थांबवून गाडीचं चाक गटारातून वर उचलून दिलं. "वर तुमची ओढगाडी दिसली तर सांगतो," तो म्हणाला, "पण इथं थांबू नका, ताई. वळणाच्या तोंडाला हाय गाडी. खालनं येणारा बघत न्हाई. पुढं देवळापाशी रुंद जागा हाय, तिथवर न्या. मी आणून देऊ का?" त्यानं दार उघडून एक पाय आतही टाकला.

"नको!" मी आणि आप्पा एकदमच ओरडलो.

तो बिचारा दचकला. मी त्याला पेडलं दाखवली. त्यानं पाय बाहेर काढला आणि हात जोडले. "मग तुमचं तुम्हीच बघा. हळूहळू न्या आणि एक माणूस पुढं चालू द्या, वळणावर हात दाखवायला."

ट्रक निघून गेला. एकदम शांत झालं. फोनला रेंज नव्हती. आप्पा आता चांगले शुद्धीवर होते. अक्कांनी भरवलेली दशमी त्यांनी मुकाट्यानं खाल्ली होती आणि ते डाव्या चाकापाशी उकिडवे बसून टायरवरून हात फिरवत होते. टायरची एक बाजू सालपटासारखी निघाली होती, आतले धागे दिसत होते.

"हवा धरलीय," ते म्हणाले. "एवढं होऊन हवा धरलीय."

मला त्यांचा इतका संताप आला की भीती क्षणभर मागे पडली.

"आप्पा, असं आधी कधी झालं होतं?"

त्यांचा हात टायरवरच थांबला.

"आप्पा, मी काहीतरी विचारलं."

"पाडव्याला," ते म्हणाले. "नरसोबाच्या वाडीकडं चाललो होतो. एकटाच. शुद्धीवर आलो तर उसात होतो."

मला आठवलं. चाकांच्या तारांत उसाचा पाला अडकवून ते घरी आले होते आणि कुणाच्यातरी रानातला ऊस बघायला गेलो होतो म्हणाले होते. आम्ही सगळे हसलो होतो. कारखाना सुटला तरी ऊस सुटत नाही म्हणून.

"डॉक्टरांना सांगितलं?"

"सांगितलं."

"मग?"

"ते म्हणाले, चालवायची न्हाई. आता कधीच न्हाई." आप्पा टायरशी बोलत असल्यासारखे बोलत होते. "मला वाटलं, जपून राहीन. खिशात साखर ठेवीन. आज गडबडीत साखरेचा कोट घरीच राहिला. दोन वर्षं मागं लागून टायर आणले, चारू. गाडी आत्ता कुठं नीट झाली होती."

अक्का माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं हे मला त्यांचा आवाज आला तेव्हाच कळलं.

"पाडव्यापासनं?" त्या म्हणाल्या.

आप्पांनी वर पाहिलं नाही.

"पाडव्यापासनं दर रविवारी मला मागं बसवून फिरवत होता तुम्ही. बाहुबलीला नेलं. माझ्या भैणीकडं नेलं. मी मागं डोळे मिटून बसत होते. वाटायचं, हे हायत की पुढं, आपल्याला काय भ्यायचं. आणि तुम्हाला माहीत होतं."

"अगं..."

"आणि आज पोरीला बी घेतलंत."

अक्कांनी पदर खोचला, गाडीतून आपली पिशवी काढून खांद्याला लावली.

"मी ह्या गाडीत बसणार न्हाई. चालत येते."

"मी बसतो चारूच्या शेजारी," आप्पा उठत म्हणाले. "तिला सांगत जातो, कुठलं पेडल..."

"न्हाई." अक्कांचा आवाज चढला नाही. "तो माणूस काय म्हणाला? एकजण पुढं पाहिजे. तुम्ही पुढं चला. गाडीच्या पुढं. दुसऱ्याच्या पायाखाली आपला जीव असला की कसं वाटतंय ते जरा बघा."

"अक्का, नको," मी म्हणाले. "मला नाही जमायचं. मी मघाशीच चुकलेय. अक्का, माझा पाय अजून कापतोय!"

"म्हणूनच," अक्का म्हणाल्या.

आप्पा गाडीला वळसा घालून पुढे गेले आणि आमच्याकडे पाठ करून रस्त्यात उभे राहिले. अक्काही गेल्या आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"तू कशाला?" आप्पा म्हणाले. "तू कडेनं चाल."

"मला सवय हाय," अक्का म्हणाल्या.

मी आप्पांच्या जागेवर बसले आणि चपला काढल्या. अनवाणी पायाला पेडल नीट कळेल असं वाटलं. क्लच, मधलं अ‍ॅक्सिलेटर, उजवं ब्रेक. मोठ्यानं म्हणाले. पुन्हा म्हणाले. इंजिन चालू केलं, पहिला टाकला, आप्पा दाखवायचे तसा बाहेरचा दांडा सोडला. चाकांचे दगड अक्कांनी बाजूला केले आणि त्या पुन्हा आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. आत्याबाई हलली. मी उजवं पेडल धरूनच ठेवलं होतं, तरी ती पुढे सरकत होती. समोर आप्पांचा ओला शर्ट आणि अक्कांचा हिरवा पदर. मला त्यांच्यापलीकडचा घाट दिसतच नव्हता. मघाशी मरू असं वाटलं होतं, आता मी मारीन असं वाटत होतं, आणि हे जास्त वाईट होतं.

पहिलं वळण नीट गेलं. आप्पांनी हात वर करून खालून येणारी जीप थांबवली. जीपमधली माणसं आमच्याकडे बघत राहिली. वरातीसारखं दिसत असणार.

दुसऱ्या वळणाच्या अलीकडे उतार एकदम वाढला. गाडीचा वेग आवरेना. अंतर कमी झालं. मी ब्रेक आणखी जोरात दाबायला पाय उचलला आणि घाबरलेला पाय आपल्या जुन्या जागी गेला.

इंजिन गरजलं.

आप्पांनी वळून पाहिलं नाही. त्या आवाजाचा अर्थ त्यांना पाठीलाच कळला असावा. त्यांनी एक हात आडवा टाकून अक्कांना डोंगराच्या बाजूला ढकलून दिलं. त्या गटारापलीकडच्या गवतात पडल्या. आप्पा स्वतः बाजूला झाले नाहीत. गाडी अक्कांपर्यंत पोचू नये म्हणून की काय, ते रस्त्याच्या मधोमध गाडीकडे तोंड करून उभे राहिले, दोन्ही हात पुढे करून.

"उजवं!" ते ओरडले. "चारू, उजवं!"

मी पाय ओढून काढला आणि उजव्या पेडलवर अक्षरशः उभी राहिले. गाडी थांबली तेव्हा आप्पांचे तळवे रेडिएटरवर टेकलेले होते.

मी ओक्साबोक्शी रडायला लागले. आप्पांचा चेहरा काचेपलीकडे मला दिसत होता. चौसष्ट-पासष्ट वर्षांच्या त्या माणसाला मी आजवर काळजीत पाहिलं होतं, चिडलेलं पाहिलं होतं. घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्यांचा खालचा ओठ थरथरत होता आणि तो त्यांना आवरत नव्हता.

अक्का गवतातून उठल्या. कोपर खरचटलं होतं. लुगड्याला लागलेली कुसळं झटकली, आल्या आणि पुन्हा आप्पांच्या शेजारी, गाडीच्या पुढे, उभ्या राहिल्या.

"चालव, चारू," त्या म्हणाल्या.

"नको!" आप्पांनी त्यांचा दंड धरला. "चारू, थांब." मग ते अक्कांकडे वळले. "तू बाजूला हो गं. मी चालतो. मी एकटा चालतो पार खालपर्यंत. तू बाजूला हो." अक्का हलल्या नाहीत. आप्पांनी हात जोडले. भर रस्त्यात, मागे थांबलेल्या जीपमधली माणसं वळून बघत असताना, माझ्या सासऱ्यांनी माझ्या सासूबाईंपुढे हात जोडले. "तुला काय झालं तर मी काय करू? तू बाजूला हो. पाया पडतो तुझ्या, बाजूला हो."

अक्कांनी खोचलेला पदर सोडला.

"हे पाडव्याला म्हणायचं होतं," त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.